तेल पाजलेलं पिस्तूल

आमच्या घरात देवघराला कुणीही हात लावावा, पण मधल्या खोलीतल्या सागवानी पेटीला लावायचा नाही, असा नियम होता. त्या पेटीत माझं पिस्तूल असे. माझं म्हणजे म्हणायला. शिशाची बारीक गोळी हवेच्या दाबाने सोडणारं, नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात ते पिस्तूल. कुणा खेळाडूने वापरून सोडलेलं आणि बाबांनी नागपूरच्या ओळखीतून मिळवलेलं. ते घरी आलं त्या दिवशी बाबांनी ते दोन्ही हातांवर आडवं धरून आत आणलं. मी जन्मले तेव्हा मलाही असंच धरलं होतं का, असं मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, तेव्हा ते ड्युटीवर होते. ती हे गमतीने म्हणाली नव्हती. माझ्या आईला गंमत करता येत नसे.

आम्ही कारध्याचे. पलीकडे भंडारा, अलीकडे आम्ही आणि मधे वैनगंगा. आमची गल्ली ढिवरांची. कुणाच्या अंगणात जाळं वाळत पडलेलं, कुणाच्या दारात डोंगा पालथा घातलेला, आणि सगळीकडे मासोळीचा वास. या गल्लीतून नोकरीला लागलेले पहिले म्हणजे बाबा. सरकारी शस्त्रागारात बंदुका, पिस्तुलं उघडायची, साफ करायची, झिजलेला भाग बदलायचा, हे त्यांचं काम. हुद्द्याचं नाव आर्मरर, गल्लीच्या तोंडी त्याचं ‘आरमोर’ झालं. कुणा शिपायाची बंदूक अडली की बाबा आधी शिपायाकडे बघत आणि मग बंदुकीकडे. हत्यार खराब होत नसते, हात खराब असते, हे त्यांचं ब्रीद. शस्त्रागारात ते चाललं असेल. घरी त्यांनी ते माझ्यावर लावलं.

माझ्या हातात त्यांना काय दिसलं देव जाणे. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीने मी ओळीने फुगे फोडले, एवढंच निमित्त. लोकांच्या बापांनी पोरीला आणखी एक बार उडवू दिला असता आणि घरी नेलं असतं. माझ्या बापाने दुसऱ्या दिवसापासून मला पहाटे उठवायला सुरुवात केली. गोळ्या महाग, म्हणून सराव बहुतेक कोरडा. कोरडा म्हणजे पिस्तुलात गोळी नाही; दट्ट्या चढवायचा, पडवीच्या टोकाच्या भिंतीवर काढलेल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा. आतून नुसती ‘टिक’ येते. पुन्हा चढवायचं, पुन्हा नेम, पुन्हा टिक. शाळेच्या आधी टिक, शाळेनंतर टिक, परीक्षेच्या दिवसांतही टिक. शेजारच्या काकू म्हणत, तुमच्या घरी पाल लय बोलते.

नळीच्या टोकावर बाबा एक नाणं ठेवत. चाप ओढताना हात हलला की नाणं पडे. नाणं पडलं की त्या दिवशीच्या जेवणात माझ्या ताटातला मासोळीचा तुकडा बाबा उचलत आणि दाराबाहेर मांजरीला टाकत. रागाने नाही. ते कधी ओरडत नसत, हात तर फारच क्वचित उगारत. शांतपणे वाकून, दोन बोटांनी तुकडा उचलून, रस्सा ताटात निथळू देऊन. त्या वर्षी आमच्या दारातली मांजर गल्लीत सगळ्यात जाड झाली. तिला मी जन्मात कधी प्रेमाने हात लावला नाही, आणि आजही मांजर पाहिली की मला आधी भूक लागते.

संध्याकाळी पिस्तुलाची सेवा. तेवढ्या वेळात बाबा वेगळे माणूस होत. खाली पांढरा पंचा अंथरायचे, बोटं साबणाने धुवायची, चष्मा लावायचा. नळीतून लोकरीचा बोळा फिरवून शिशाची काजळी काढायची. जिथून हवा गळते तिथली रबरी रिंग बोटाने चाचपायची; कडक झाली असेल तर नवी घालायची. एका ठरावीक पांढऱ्या ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका, तोही फक्त रिंगेला. बाकी आत तेलाचा थेंब जायला नको. ते माझ्याशी सगळ्यात जास्त याच वेळी बोलत, आणि तेही मऊ आवाजात, पण बोलणं सगळं पिस्तुलाविषयी. याला काय सोसतं, याला काय सोसत नाही. मी ऐकत बसायची. खोटं कशाला सांगू, मला त्या पिस्तुलाचा हेवा वाटायचा.

घरात आणखी एक माणूस होतं, माझी आत्याबाई. बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन सिहोऱ्याला गेली होती; नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी दोन पावसाळे धानाच्या चिखलात राबवून घेतलं आणि मग तिलाच तिथे राहावंसं वाटेना. बाबा तिला ‘बाई’ म्हणत. लहानपणी डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन पुलावरून भंडाऱ्याला जाणारी हीच, आणि त्या टोपलीवर बाबांची शाळा झाली, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. घरात मात्र ते कुणी काढत नसे. बाबांच्या साहेबांपैकी कुणी घरी आलं की आत्याबाईला मागच्या अंगणात पाठवलं जाई, कारण तिच्या हाताला वास येतो.

स्वयंपाक तिचा. आई लाकडाच्या चुलीला वैतागे, आत्याबाईला गॅस उमगेना, म्हणून मासोळी चुलीवर आणि चहा गॅसवर अशी वाटणी झालेली. मरळ सोलायची तर दगडावर राखेने घासून. फोडणी जवसाच्या तेलाची. आमच्याकडे धान निघालं की त्याच बांधीत ओलीवर जवस पेरतात. त्याचं घाणीचं तेल, पिवळंजर्द, तिखट वासाचं. शहरातली माणसं हल्ली तेच जवस औषध म्हणून चमच्याने मोजून खातात. आत्याबाईचा सगळा संसार त्या तेलावर चाले. भाजीला तेच, टाचेच्या भेगांना तेच, दाराच्या बिजागरीला तेच. काठीला, विळ्याला, वल्ह्याला तेल लावणं म्हणत नाहीत आमच्याकडे, तेल पाजणं म्हणतात. जे आपल्यासाठी राबतं त्याला वर्षातून एकदा पाजायचं, असं ती म्हणे. ताटातला तुकडा मांजरीला गेला की दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात, भाताच्या खाली, एक तुकडा निघे. हे बाबांना ठाऊक नव्हतं. असतं तर दोन्ही तुकडे मांजरीचे झाले असते.

दसऱ्याला हत्यारांची पूजा. बाबा सकाळपासून शस्त्रागारात, तिथल्या पूजेला. जाताना ते पेटी उघडून पिस्तूल पाटावर ठेवून गेले, तेवढाच त्याला वर्षातून एकदा पूजेचा मान. आत्याबाईने विळा, कोयता, कुऱ्हाड, बाबांच्या वाट्याचं जुनं वल्हं असं सगळं विहिरीवर धुऊन आणलं, पुसलं आणि चिंधीने एकेकाला तेल पाजलं. आई हळदकुंकू लावत मागे. त्या ओळीत पिस्तूलही होतं. सगळ्यांना पाजायचं आणि पोरीच्या हत्याराला उपाशी ठेवायचं, हे आत्याबाईला कसं जमावं? चापाशेजारच्या फटीत तिने दोन थेंब सोडले. पिस्तुलाला तेल सोसत नाही हे बाबांनी मला शंभरदा सांगितलं असेल. ती त्या घरातच राहते आणि तिलाही सांगावं, असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिने लपवलं नाही. दुपारी बाबा परतल्यावर जेवताना पुरणपोळी वाढता वाढता स्वतःच म्हणाली, “रंजूच्या बंदुकीलेही पाजलं मी तेल. थे बी राबते न बिचारी.”

बाबांचा घास थांबला. मग त्यांनी तो खाल्ला, हात धुतले, पंचा अंथरला, पिस्तुलाचं झाकण काढून आतून सगळं पुसलं, फुंकर मारून उन्हात धरून बघितलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, “निघालं सगळं.” पुढच्या गोष्टीत हे ‘निघालं सगळं’ ध्यानात असलेलं बरं. त्यांनी ते मोठ्याने म्हटलं होतं, आणि मी, आई, आत्याबाई, तिघींनी ऐकलं होतं.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि पिस्तूल बिघडलं. बिघडलं म्हणजे काय, तर माझ्या आधी सुटायला लागलं. नेम धरते आहे, बोट चापावर नुसतं टेकलं आहे, दाबायचं अजून मनात आहे, तोवर टिक. गोळी घालून मारलं तर गोळी ठिपक्याच्या खाली कुठेतरी. दर वेळी नाही. चार वेळा नीट, पाचव्या वेळी दगा, म्हणून जास्त भीती. नागपूरला निवड चाचणी होती, तिथून पुढे राज्याच्या संघाचा रस्ता. बाबांनी त्या चाचणीसाठी रजा आधीच टाकून ठेवली होती.

मी सांगितलं, “बाबा, आपोआप सुटून राहिलं हे.”

“हत्यार आपोआप सुटत नसते. तू ओढून राहिली.”

मी ओढत नव्हते. पण हे त्यांना मान्य झालं असतं तर पिस्तुलात दोष निघाला असता, आणि त्या पिस्तुलाची रोजची निगा त्यांच्या हातची होती. तेव्हा दोष माझ्या बोटात ठरला. बोटाला वळण लागावं म्हणून सराव दुप्पट झाला. हाताला कणखरपणा यावा म्हणून पिस्तुलाऐवजी वीट धरून, हात खांद्याच्या रेषेत ताणून, पडवीत उभं राहायचं. वीट खाली आली की सुरुवातीपासून. एकदा मी वीट धरून उभी असताना बाबांकडे त्यांचे एक मित्र आले. दोघांनी माझ्यासमोर बसून चहा घेतला, बदल्यांच्या गप्पा केल्या. मित्राने एक-दोनदा माझ्याकडे बघितलं आणि मग बघायचं सोडलं. मला बाबांपेक्षा त्या माणसाचा राग जास्त आला, आणि तो अजून आहे. जितका सराव वाढला तितकं पिस्तूल जास्त वेळा दगा देऊ लागलं, आणि जितका दगा वाढला तितका सराव वाढला. घोडं आणि गाडी दोन्ही उलट्या दिशेला चालली होती, आणि चाबूक माझ्या पाठीवर.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात एकदा बाबांच्या स्वतःच्या हातात ते सुटलं. ते नुसतं तपासायला नेम धरत होते. बोट चापाजवळ नेलं आणि टिक. पडवीत मी होते, दाराशी आत्याबाई तांदूळ निवडत होती. बाबांनी पंचा अंथरला आणि पिस्तूल पहिल्यांदाच अगदी आतपर्यंत उघडलं, चापाचा गाभा सुटा केला. एका कोपऱ्यात, जिथे चिंधी पोचत नाही, तिथे पिवळसर चिकट साय धरली होती. जवसाचं तेल हवेला वाळतं आणि रोगणासारखं बसतं. बाबांनी ती नखाने खरवडली, नाकाशी नेली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काहीतरी आलं. ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

“बाई,” ते म्हणाले, “इकडे ये. हुंग.”

आत्याबाईने हात पदराला पुसले, खाली वाकून त्यांच्या बोटाचा वास घेतला. “जवसाचं आहे,” ती म्हणाली, आणि मग तिला समजलं.

बाबांनी एकदाही आवाज चढवला नाही. एवढ्या दिवसांची पोरीची मेहनत तुझ्या दोन थेंबांत गेली, असं म्हणाले. ज्या गोष्टीतलं कळत नाही तिला हात लावायची ढिवरांची सवय, असंही म्हणाले, जणू ते स्वतः कुणी वेगळे होते. तू तेव्हाच सगळं पुसलं होतंस, निघालं म्हणाला होतास, हे आत्याबाईने त्यांना बोलून दाखवलं नाही. आई चुलीपाशी उभी होती, तिनेही नाही. मी म्हणाले. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाबा म्हणाले, वीट उचल. मी वीट उचलली. हात ताणून मी उभी, आणि माझ्यासमोर आत्याबाईची रवानगी ठरली. तिचं सासर सिहोऱ्याला आहे, तिथे तिच्या नवऱ्याचा हिस्सा आहे, तिने आपल्या घरी राहावं. सकाळची बस आहे.

सकाळी ती निघाली तेव्हा तिच्याकडे एक पिशवी होती. बाबांनी तिला बसथांब्यापर्यंत सोडलं. लोकांनी काही म्हणू नये इतपत ते नेहमीच नीट वागत. जाता जाता ती मला म्हणाली, “चांगला नेम मारजो. मी इथं असल्यानं तुह्यावर काही येऊ नये.” मी रडले नाही. रडलं की हात हलतो, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की मला रडायला पुढे बरीच वर्षं लागली.

नागपूरच्या चाचणीला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पिस्तूल त्यांनी घासूनपुसून लख्ख केलं होतं. आत कुठे पिवळा कण नव्हता. बसमध्ये त्यांनी मला शेंगदाणे घेऊन दिले. रोग गेला, आता पोरगी मारणार, असा त्यांचा भाव होता, आणि त्या प्रवासात मलाही तसं वाटायला लागलं, हे मान्य करते.

स्पर्धेआधी प्रत्येक पिस्तूल तपासतात. पाचशे ग्रॅमचं वजन चापाला अडकवून पिस्तूल वर उचलायचं. चापाने तेवढं वजन न सुटता पेललं तर पास. चाप त्याहून हलका असला तर खेळता येत नाही. तपासायला एक तरुण बाई होत्या, केस मागे करकचून बांधलेल्या, घाईत. त्यांनी माझं पिस्तूल उचललं. टिक. पुन्हा चढवलं, उचललं. टिक. तिसऱ्यांदाही टिक. मागे रांग होती. बाबा पुढे झाले आणि म्हणाले की याच्यात घरच्यांच्या चुकीने जवसाचं तेल गेलं होतं, त्याचा परिणाम राहिला असेल, थोडा वेळ द्या.

त्या बाईंनी झाकण सरकवलं, छोट्या भिंगातून आत पाहिलं आणि भिंग बाबांच्या हातात दिलं. चाप ओढेपर्यंत आतल्या घोड्याला अडवून धरणारी पोलादाची एक बारीक खाच असते. तिची धार सुरीसारखी सरळ हवी, ती नदीतल्या गोट्यासारखी गोल झाली होती.

“तेलाने चाप जड होतो सर, चिकटतो,” त्या म्हणाल्या. “आपोआप सुटत नाही. हे झिजलंय. ड्राय प्रॅक्टिस खूप केली का? मग हा पार्ट आधीच बदलायला पाहिजे होता.”

बाबा भिंगातून बघत राहिले. बघायला एवढं काही नव्हतं. जन्मभर झिजलेल्या खाचा बदललेला माणूस. तेलाने चाप जड होतो आणि झिजेने हलका, हे त्यांना त्या बाईंनी सांगावं लागलं असेल, यावर माझा विश्वास नाही. त्यांच्या बोटाखाली पडवीत ते सुटलं, तेव्हाच त्यांना कळलं होतं. माझा पहाटेपासूनचा सराव, त्यांनीच लावलेला, ती धार खात होता. मग ती पिवळी साय दिसली आणि त्यांची सुटका झाली. हे माझं मत आहे. पुरावा माझ्याकडे एवढाच की तो चेहरा मी पाहिला होता.

रांगेतली एक मुलगी, गोंदियाकडची असावी, म्हणाली, ताई, माझी बारी दुपारी आहे, माझं घ्या. तिने पिस्तूल पुढेही केलं. बाबा म्हणाले, दुसऱ्याच्या हत्याराने आम्ही मारत नसतो. आम्ही! माझं नाव यादीतून निघालं आणि आम्ही परत आलो. परतीच्या बसमध्ये शेंगदाणे नव्हते.

ती खाच त्यांनी मागवली. पार्सल येईपर्यंत सरावाला सुट्टी होती. आईला मावशीकडे जाते असं सांगून मी सिहोऱ्याची बस धरली. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये नुसते ठोंब. आत्याबाई दिराच्या गोठ्याशेजारी एका खोलीत होती. गोठ्याचं शेण, अंगणाची झाडलोट, भांडी, सगळं तिच्याकडे आलं होतं आणि जेवण मागच्या दारी. ती वाळली होती. मला बघून तिने आधी माझा उजवा हात धरून मनगट चाचपलं. मग विचारलं, जिंकली का. मी तिला सगळं सांगितलं. तेल नव्हतं ते आत्याबाई, झीज होती. तिथल्या बाईंनी भिंगातून दाखवलं, बाबांनी स्वतः पाहिलं. चल घरी.

ती गवताच्या काडीने दात कोरत राहिली. “हे त्यानं सांगून पाठवलं, का तू आपल्या मनानं सांगून राहिली?”

“मी आपल्या मनानं आली.”

“मंग जाय बेटा. त्यानं मले आपल्या तोंडानं काढलं, आपल्या तोंडानं बोलवन तं येईन. तुह्या तोंडानं आली तं पुन्हा मागच्या अंगणातच राहीन न.”

एवढंच तिचं मागणं होतं. तिला माफी नको होती. बाई, ये, एवढे दोन शब्द हवे होते, आणि बाबांना ते अवघड नव्हते. ते तिला दिवसातून दहा वेळा बाई म्हणत आले होते.

पार्सल आलं. बाबांनी पंचा अंथरून नवी खाच बसवली. अर्धा दिवस लागला. काम त्यांचं सुरेखच, त्यात मी खोट काढणार नाही. पाचशे ग्रॅमचं माप त्यांनी बाजारातून आणलेल्या वजनाला दोरी बांधून घरीच तयार केलं आणि चापाने ते उचलून दाखवलं. चाप काचेची काडी मोडावी तसा सुटत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. मी पडवीत गेले, दट्ट्या चढवला, हात उचलला, ठिपका नळीच्या टोकावरच्या माशीवर टेकवला. हात इतका स्थिर माझा कधीच नव्हता. आणि मी चाप ओढला नाही.

“काहून थांबली?”

“आत्याबाईले बोलवा. मंग ओढीन.”

ते हसले. त्यांना वाटलं, पोरीची जिद्द आहे, दुपारपर्यंत उतरेल. ताटातला तुकडा गेला. मग भाजी गेली. मग वीट आली. मी वीट धरली, ती मला आता सहज पेलत होती, ती मेहेरबानीही त्यांचीच. रोज पहाटे मी शिस्तीत उठायची, उभी राहायची, नेम धरायची आणि बोट चापावर टेकवून तशीच थांबायची. गल्लीला पालीचा आवाज येईनासा झाला. आई एकदा मला मोरीत गाठून म्हणाली, बाप्पा, ओढून टाक न एकदा, तुले काय जाते. मी तिला म्हटलं, त्यांना बोलवायला काय जाते? एका सकाळी बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले, माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि माझ्या बोटासकट चाप ओढला. टिक. तो माझ्या हातून त्या पिस्तुलाचा शेवटचा आवाज.

आत्याबाई सिहोऱ्यालाच वारली, काही वर्षांनी, पावसाळ्यात. बाबा क्रियेला गेले, मडकं त्यांनीच धरलं, भाऊ म्हणून लोकांत रडलेही. तिच्या दिरांनी सांगितलं की शेवटी ती रस्त्यावर बस थांबली की दाराशी येऊन बघायची. हे त्यांनी बाबांसमोर सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि विचारलं, लाकडं कुठून आणली. आज ते माझ्याकडे असतात. त्यांचे हात कापतात, घास मीच भरवते, आणि घास भरवताना माझा हात अजिबात हलत नाही. लोक म्हणतात, मुलगी असावी तर अशी.

पण मला सांगायचं आहे ते त्या हिवाळ्यातलं. आत्याबाईची रवानगी झाल्यापासून चूल माझ्याकडे आली होती. शाळेतून आलं की मरळ राखेने घासायची, मसाला वाटायचा. एका दुपारी तुमसरकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन पिस्तूल बघायला आले. मला कुणी सांगितलं नव्हतं की बाबांनी ते विकायला काढलं आहे. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. बाबांनी पेटी उघडली, पांढरा पंचा अंथरला. त्या मुलीला कसं धरायचं ते शिकवलं. बेटा, मनगट असं, बेटा, श्वास रोखायचा नाही, सोडायचा. बेटा हा शब्द त्यांना येतो हे मला तेव्हा कळलं. मुलीने चाप ओढून पाहिला आणि ती खुश झाली. तिचे वडील संशयी होते. त्यांनी विचारलं, एवढं चांगलं आहे तर काढून काहून राहिले, काही खराबी आहे का याच्यात?

“हत्यार एकदम चांगलं आहे,” बाबा म्हणाले. “नवा पार्ट टाकला. पोरगी खराब निघाली.”

मग त्यांनी मला हाक मारून तीन कप चहा आणायला सांगितलं.